एका हाताचा विजेता

घटप्रभा नदीच्या काठी कलादगी नावाचे गाव आहे. आज ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात येते. पण एके काळी हे गाव मुंबई इलाख्यातले जिल्ह्याचे ठिकाण होते. १८८५ मध्ये जिल्ह्याचे ठाणे विजापूरला हलले आणि कलादगी मागे पडले. त्याच्या अकरा वर्षे आधी, ९ जून १८७४ रोजी, या गावात एका गोऱ्या अंमलदाराच्या घरी मुलगा जन्माला आला. बाप गिल्बर्ट एलियट मुलकी नोकरीत मॅजिस्ट्रेट होता. मुलाचे नाव ठेवले लाँसेस्टन. हे नाव माणसाचे नव्हे, गावाचे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे, त्यातल्या एका गावावरून ते घेतलेले. हा मुलगा पुढे ब्रिटनचा पहिला ऑलिम्पिक विजेता ठरला.

ब्रिटनच्या क्रीडा इतिहासात त्याचे नाव पहिल्या पानावर असते. आपल्याकडे मात्र त्याचा जन्म आपल्याच जुन्या इलाख्यातला, हे फारसे कुणाला ठाऊक नाही. पण मला या माणसाने धरून ठेवले ते जन्मगावामुळे नव्हे. त्याच्या नावापुढे दोन आकडे लिहिलेले असतात, त्यांनी मला अडकवून ठेवले. पहिला आकडा १११.५ किलो. हे वजन त्याने दोन हातांनी उचलले आणि तो दुसरा आला. दुसरा आकडा ७१ किलो. हे त्याने एका हाताने उचलले आणि तो पहिला आला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच मैदानात घडल्या.

आता तुम्ही-आम्ही बाजारात हिशेब करतो तसा हिशेब करून पाहा. एका हाताला ७१, तर दोन हातांना किती? दुपटीने १४२. प्रत्यक्षात उचलले १११.५. म्हणजे साडेतीस किलोची खोट! ही खोट गेली कुठे? एलियटचे आयुष्य वाचताना हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता आपल्या शरीराविषयी जे कळले, ते त्याच्या आयुष्याइतकेच रंजक आहे. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच सांगतो.

सँडोचा शिष्य

१८८७ मध्ये गिल्बर्ट एलियटने हिंदुस्थानातली नोकरी सोडली आणि इंग्लंडात एसेक्स परगण्यात शेती सुरू केली. लाँसेस्टन तेव्हा तेरा वर्षांचा होता. अंगापिंडाने तो वयाच्या मानाने थोराड. त्या काळी लंडनमध्ये ताकदीच्या खेळांचे वेड शिगेला पोचले होते. नाटकगृहांत गाण्याबजावण्याच्या जोडीला बलवान माणसे साखळ्या तोडत, लोखंडी गोळे झेलत, छातीवर माणसे उभी करत. या सगळ्यांचा राजा होता युजेन सँडो.

सँडो हे नाव मराठी घराला वेगळे सांगायला नको. आपण घालतो ती बिनबाह्यांची बनियन त्याच्याच नावाने ओळखली जाते. ‘सँडो बनियन द्या’ असे दुकानात सांगणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की आपण एका पहिलवानाचे नाव घेत आहोत! सँडोचा जन्म १८६७ सालचा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा. मूळ नाव फ्रीडरिश म्युलर. १८८९ मध्ये लंडनला येऊन त्याने तिथल्या सॅम्पसन नावाच्या नामांकित बलवानाला भर सभागृहात हरवले आणि एका रात्रीत तो घरोघरी पोचला. पुढे १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही आला आणि इथल्या शहरांतून त्याने आपले खेळ केले. इथल्या व्यायामप्रेमी तरुणांवर त्याची मोठी छाप पडली.

सँडोची खासियत होती एका हाताने वजन पेलण्याची. जड बार एका हाताने खांद्याशी घ्यायचा, मग हात वर न रेटता आपणच त्या वजनाखाली वाकत जायचे. धड एका बाजूला झुकते, हात जागच्या जागी सरळ होतो आणि मग माणूस वजनासकट उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, दंडाने उचलले. खरे काम कमरेने, पाठीने आणि मांड्यांनी केलेले असते. याच पद्धतीने आर्थर सॅक्सन या दुसऱ्या जर्मन बलवानाने एका हाताने सुमारे १६८ किलो पेलल्याची नोंद आहे. आपल्या दोन हातांना पोत्याचे ओझे होते. इथे माणूस एका हातावर दोन माणसांचे वजन तोलत होता.

तरुण एलियट या सँडोचा शिष्य झाला. १८९१ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातल्या कॅफे मोनिकोमध्ये वजन उचलण्याची अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. सोळा वर्षांचा एलियट तिथे मोठ्या माणसांच्या रांगेत उभा राहिला. जिंकला तो लॉरेन्स लेव्ही. पण एवढ्या लहान वयात उतरलेला हा पोरगा लोकांच्या नजरेत भरला. त्यानंतरची काही वर्षे त्याने हौशी खेळाडू म्हणून स्पर्धा गाजवल्या. आणि मग आले १८९६.

अथेन्सची ती दुपार

आधुनिक ऑलिम्पिकचा पहिला मेळा ६ एप्रिल १८९६ रोजी अथेन्सच्या संगमरवरी स्टेडियममध्ये भरला. वजन उचलण्याच्या स्पर्धा दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला होत्या. आज टीव्हीवर आपण पाहतो तसे वजनी गट तेव्हा नव्हते. सडपातळ असो की धिप्पाड, सगळे एकाच रांगेत. आणि प्रकार दोनच होते: एक दोन हातांनी उचलण्याचा, दुसरा एका हाताने उचलण्याचा. आधी दुहाती स्पर्धा झाली.

एलियटची गाठ पडली डेन्मार्कच्या व्हिगो येन्सनशी. येन्सन हरहुन्नरी गडी होता. तो त्याच ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीतही उतरला होता. वजन वाढत गेले, बाकीचे मागे पडले आणि शेवटी दोघेच उरले. दोघांनीही १११.५ किलो उचलले. आता निकाल कसा लावायचा? पंचांचे प्रमुख होते ग्रीसचे राजपुत्र जॉर्ज. त्यांनी पाहिले, की येन्सनने वजन सफाईने पेलले आणि एलियटचा एक पाय जागचा हलला होता. विजय येन्सनला देण्यात आला. ब्रिटिश मंडळींनी तक्रार केली. दोघांना पुन्हा संधी मिळाली. पण त्यापुढे कुणालाच जाता आले नाही आणि निकाल कायम राहिला. एका पावलाच्या हालचालीने एलियटच्या हातून पहिला क्रमांक गेला.

मला या ठिकाणी थांबून विचार करावासा वाटतो. एकवीस वर्षांचा तरुण, परका देश, भरलेले स्टेडियम, आणि बरोबरीत सुटलेली लढत पायाच्या हालचालीवर गमावलेली. आपल्यापैकी कितीजण तशा अवस्थेत थोड्याच वेळात पुन्हा वजनाला हात लावतील? एलियटने लावला. मधल्या काळात येन्सनचे नशीब फिरले होते. आणखी जड वजन उचलण्याच्या प्रयत्नात त्याच्या खांद्याला इजा झाली होती. एकहाती स्पर्धेत तो सुमारे ५७ किलोवर अडकला. एलियटने एका हाताने ७१ किलो डोक्यावर नेले आणि चौदा किलोंच्या फरकाने तो जिंकला. त्या काळी पहिल्याला सोन्याचे नव्हे, चांदीचे पदक मिळत असे आणि सोबत ऑलिव्हची फांदी. ती एलियटला मिळाली. ब्रिटनचा तो पहिला ऑलिम्पिक विजय.

या स्पर्धेची एक गमतीदार आठवण सांगितली जाते. मैदानातला एक सेवक जड वजन हलवताना घामाघूम झाला. तेव्हा उंचापुरा राजपुत्र जॉर्ज पुढे झाला आणि त्याने ते सहज उचलून बाजूला ठेवले. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंचच असा असेल तर स्पर्धकांनी काय करावे!

एलियट तिथेच थांबला नाही. शंभर मीटर धावण्यात, दोर चढण्यात आणि कुस्तीतही तो उतरला. धावण्यात पहिल्याच फेरीत बाहेर पडला, दोर चढणाऱ्या पाच जणांत शेवटचा आला आणि कुस्तीत जर्मनीच्या कार्ल शूमानकडून हरला. हा शूमान जिम्नॅस्ट होता, एलियटपेक्षा बराच लहानखुरा, आणि कुस्तीचा विजेता पुढे तोच ठरला. वजन पेलणारे बळ वेगळे, दोरावर स्वतःचे शरीर खेचणारे बळ वेगळे, आणि माणसाला चीत करणारे बळ आणखी वेगळे, हे एलियटला त्या एका आठवड्यात पुरते उमगले असेल.

साडेतीस किलोची खोट

आता वळू या त्या हिशेबाकडे. सुरुवातीलाच एक सावधगिरी बाळगायला हवी. एलियटच्या ७१ किलोंची दुप्पट करणे सोपे आहे, पण ते सरळ माप नव्हे. एका हाताने वजन उचलताना त्या हातामागे दोन्ही पाय, सगळी पाठ आणि कंबर उभी असते. दोन हातांनी उचलताना पाठ एकच, पाय तेच दोन. जणू एका मुलाला दोन्ही आईबाप सांभाळत होते, आता दोन मुलांना तेच आईबाप सांभाळणार. वाटणी कमी येणारच. शिवाय एका हाताने पेलताना अंग वजनाखाली वाकवता येते, मोकळा हात तोल सांभाळायला मिळतो. दुहाती पेलण्यात ही सोय नाही. तेव्हा साडेतीस किलोंपैकी बराच भाग असा समजावून सांगता येतो.

पण सगळाच नाही. पाय आणि पाठ यांचा संबंधच येऊ दिला नाही, खुर्चीला बांधून बसवले आणि फक्त मुठीचे किंवा गुडघ्याचे बळ मोजले, तरी खोट येतेच. ती लहान असते, पण पुन्हा पुन्हा दिसते. १९६१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रँकलिन हेन्री आणि एल. स्मिथ यांनी माणसांना आधी एकेका हाताने आणि मग दोन्ही हातांनी एकदम मूठ आवळायला सांगितली. दोन्ही मुठी एकदम आवळल्या तेव्हा हाताचा जोर काही टक्क्यांनी घटला. त्यानंतर जपान, डेन्मार्क, अमेरिका अशा अनेक देशांत हातापायांच्या वेगवेगळ्या स्नायूंवर असे प्रयोग झाले. निष्कर्ष साधारण तोच: उजव्याचे बळ अधिक डाव्याचे बळ ही बेरीज, दोघांनी एकत्र लावलेल्या बळापेक्षा पुष्कळदा जास्त भरते.

असे का व्हावे? स्नायू तर तेच आहेत. एका क्षणात ते झिजत नाहीत की दमत नाहीत. मग कमी पडते ते काय? शास्त्रज्ञांचा मुख्य संशय आहे मेंदूकडून येणाऱ्या हुकमावर. आपला स्नायू म्हणजे हजारो तंतूंची पलटण. मज्जातंतूंकडून जितक्या तुकड्यांना हुकूम जातो, तितक्याच कामाला लागतात. उजव्या हाताचा हुकूम मुख्यतः मेंदूच्या डाव्या गोलार्धातून सुटतो, डाव्या हाताचा उजव्या गोलार्धातून. हे दोन्ही गोलार्ध एकमेकांशी जोडलेले आहेत आणि एक जोरात काम करू लागला, की तो दुसऱ्याला काहीसा आवरून धरतो. एका हाताने काम करताना हे उपयोगी असते. नाही तर उजव्या हाताने लिहिताना डावा हातही वळवळत राहिला असता! पण दोन्ही हातांनी एकदम पूर्ण जोर लावायची वेळ आली, की दोघेही एकमेकांना थोडे थोडे मागे ओढतात. हे एकच कारण आहे असे नाही आणि शास्त्रज्ञांत त्यावर आजही वाद आहेत. तोल, सवय आणि विभागलेले लक्ष यांचाही वाटा सांगितला जातो.

उडीच्या बाबतीत तर आणखी एक वेगळे कारण पुढे आले आहे. ते समजायला सायकल पुरेशी आहे. चढावर पायडल सावकाश फिरते आणि पायाला चांगला जोर लावता येतो. उतारावर पायडल भराभर फिरते आणि कितीही मनात आणले तरी पायाचा जोर त्यावर लागत नाही, पाय नुसता तिच्यामागे पळतो. स्नायूचा हा स्वभावच आहे. जितक्या वेगाने तो आखडतो, तितका त्याचा जोर कमी. एका पायावर उडी मारताना सगळे वजन त्या पायावर, म्हणून तो सावकाश सरळ होतो आणि भरपूर जोर लावतो. दोन पायांवर उडी मारताना प्रत्येकाच्या वाट्याला निम्मेच वजन. पाय झटकन सरळ होतात आणि पूर्ण जोर लावायच्या आत जमीन सुटते.

याची परीक्षा रविवारी घरच्या अंगणात मुलांना करता येईल. भिंतीशी उभे राहून हात वर करून बोटाला लावलेल्या खडूची खूण करा. मग दोन पायांनी जागच्या जागी उडी मारून दुसरी खूण करा. नंतर एका पायावर उभे राहून तिसरी. दोन पायांच्या उडीची उंची आणि एका पायाच्या उडीची उंची मोजा. एका पायाची उडी निम्मी असावी असे आपला हिशेब सांगतो. ती बहुधा निम्म्याहून अधिक भरेल. (आजोबांनी आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र पट्टी धरून मोजण्याचे काम करावे.)

खोट भरून काढणारे

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की निसर्गाने आपल्याला फसवले. एका हाताने टाळी वाजत नाही हे खरे, पण दोन हातांनी पूर्ण जोरही लागत नाही! पण गोष्टीचा खरा मनोहर भाग पुढेच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड आणि एनोका या संशोधकांनी गुडघा सरळ करण्याचे बळ तीन प्रकारच्या माणसांत मोजले. ज्यांना व्यायामाची सवय नव्हती, त्यांचे दोन्ही पायांचे एकत्र बळ बेरजेपेक्षा सुमारे साडेनऊ टक्क्यांनी कमी भरले. सायकलपटूंचे सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी. आणि वजन उचलणाऱ्यांचे? ते बेरजेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी जास्त भरले!

जरा विचार करा. सायकलवाला रोज दोन्ही पायांनी मेहनत करतो, पण आळीपाळीने. एक खाली, एक वर. वजन उचलणारा दोन्ही पायांनी एकदम जोर लावतो, वर्षानुवर्षे. शरीर ज्या रीतीने वापरले जाते, तीच रीत ते शिकते. मेंदूचे दोन भाग एकमेकांना मागे ओढतात हे खरे, पण त्यांना एकत्र ओढायलाही शिकवता येते.

लहानपणी मी आमच्या गल्लीतल्या तालमीत जात असे. तिथे करेल आणि मुद्गलाची जोडी भिंतीशी उभी असे. वस्ताद आम्हा पोरांना आधी एका हाताने करेल फिरवायला लावीत. उजवा झाला की डावा. जोडीला हात लावायची मुभा कित्येक महिन्यांनी मिळायची. आम्हाला वाटे, जोडी जड म्हणून. पण जोडीतला एकेक मुद्गल आमच्या करेलीपेक्षा हलकाच होता. तरी दोन्ही एकदम फिरवताना हात एकमेकांत अडकत, लय चुके आणि दम लागे. हेन्री-स्मिथ किंवा एनोका ही नावे वस्तादांच्या कानावर कधीच आली नव्हती. पण एका हाताची विद्या वेगळी आणि दोन हातांची वेगळी, ती वेगळीच शिकवावी लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

डाव्या-उजव्याच्या या नात्याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती घरोघरी उपयोगी पडणारी आहे. एलियट अथेन्सला गेला त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. एकाच हाताला मुठीच्या बळाचा सराव दिला. सराव संपल्यावर मोजले, तर ज्या हाताने काहीच केले नव्हते त्याचेही बळ वाढलेले! त्या हाताचे स्नायू काही फुगले नव्हते. शिकला होता तो मेंदू आणि मेंदू तर दोन्ही हातांचा सामायिक. हा परिणाम पुढे शेकडो वेळा तपासला गेला आहे. न वापरलेल्या बाजूला मिळणारा लाभ थोडा असतो, पण असतो.

माझ्या आईचा डावा हात मनगटाशी मोडला, तेव्हा सहा आठवडे प्लास्टर होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला उजव्या, चांगल्या हाताने रबरी चेंडू दाबायला सांगितले. आईला ते अजिबात पटले नाही. दुखतोय डावा आणि कसरत उजव्याची, हे म्हणजे मोठ्याचे अपराध आणि धाकट्याला शिक्षा! मलाही तेव्हा कारण ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. बांधून ठेवलेल्या हाताचे बळ दिवसागणिक घटत असते. चांगल्या हाताच्या व्यायामाने ही घट काही प्रमाणात रोखता येते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या रुग्णांसाठीही या मार्गाचा विचार आणि अभ्यास चालू आहे. अर्थात हे सगळे डॉक्टरांना विचारूनच करायचे. पण आपली चांगली बाजू अडलेल्या बाजूसाठी काही करू शकते, हे नुसते कळले तरी आजारी माणसाला केवढा धीर येतो!

एकहाती खेळाचा अस्त

एलियट १९०० मध्ये पॅरिस ऑलिम्पिकलाही गेला. तिथे वजन उचलण्याची स्पर्धाच ठेवलेली नव्हती, म्हणून तो थाळीफेकीत उतरला. त्याचे यश तिथे आले नाही. १८९७ मध्ये त्याचे लग्न झाले होते, संसार होता. पुढे तो व्यावसायिक बलवान बनला आणि गुरू सँडोप्रमाणेच नाटकगृहांतून खेळ करू लागला. त्याचा एक खेळ फार गाजला. खांद्यांवर तो एक लांब लोखंडी दांडा घेई. दांड्याच्या दोन टोकांना दोन सायकली टांगलेल्या आणि त्यांवर दोन माणसे बसलेली. मग एलियट जागच्या जागी गिरक्या घेऊ लागे. वेग वाढला, की सायकली आणि स्वार बाहेर फेकले जाऊन हवेत आडवे तरंगू लागत. आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखे दृश्य, फक्त मधला खांब म्हणजे एक जिवंत माणूस!

हा खेळ मला फार बोलका वाटतो. दांड्याच्या दोन बाजूंना सारखे वजन नसेल, तर मधला माणूस तिथल्या तिथे कोलमडेल. डावे आणि उजवे यांचा मेळ घालणे, हेच तिथे सगळे बळ. अथेन्समध्ये ज्याचा पाय हलला म्हणून पहिला क्रमांक गेला, तो माणूस पुढे दोन माणसांना खांद्यावर घेऊन गरगर फिरला आणि लोकांनी पैसे देऊन ते पाहिले.

दरम्यान एकहाती उचलण्याचा प्रकारही हळूहळू मावळत गेला. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये तो होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पाच प्रकार होते, त्यांत दोन एका हाताचे. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ते दोन्ही काढून टाकले गेले आणि फक्त दुहाती प्रकार उरले. २०२१ मध्ये टोकियोत आपल्या मीराबाई चानूने रौप्यपदक जिंकले, तेव्हा स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ असे मिळून २०२ किलो तिने उचलले. दोन्ही प्रकार दोन हातांचे. स्वतः ४९ किलो गटातली ही मुलगी, आणि एका उचलीत ११५ किलो! अथेन्सच्या त्या दोन धिप्पाड पुरुषांनी दोन हातांनी उचलले होते १११.५ किलो. सव्वाशे वर्षांत तंत्र, साधने आणि सराव कुठून कुठे गेला, ते या आकड्यांत दिसते. दोन्ही बाजूंना एकदम जोर लावायला शिकवणारी ही विद्या किती पुढे गेली, तेही दिसते.

१९२३ मध्ये एलियट कुटुंबासह ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जाऊन राहिला. टास्मानियातल्या ज्या गावाचे नाव तो जन्मभर मिरवत होता, ते तिथून समुद्रापलीकडे फार दूर नाही. आयुष्याची सुरुवात आपल्या घटप्रभेकाठी, जवानी इंग्लंडात आणि अखेर त्या दक्षिणेच्या मुलखात. मणक्याच्या कर्करोगाने त्याला गाठले. ज्या पाठीने सगळी वजने पेलली, तीच आजारी पडली. ८ ऑगस्ट १९३० रोजी तो गेला. वय अवघे छप्पन. सँडो त्याच्या पाच वर्षे आधीच गेला होता.

आपल्या मराठीत कुणी सामना एकट्याने जिंकून दिला, की आपण त्याला एकहाती विजय म्हणतो. लाँसेस्टन एलियटच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे. पण त्याच्याकडे पाहताना मला त्याच्या जिंकलेल्या ७१ किलोंपेक्षा हरलेले १११.५ किलो अधिक शिकवून जातात. दोन म्हणजे एकाची दुप्पट, हे गणित वहीत बरोबर आहे. शरीरात ते आपोआप खरे होत नाही. दोन हात, दोन पाय जन्मतः मिळतात. त्यांची जोडी मात्र रोज थोडी थोडी जुळवावी लागते. आणि कधी त्यातला एक अडून बसला, तर दुसऱ्याने काम चालू ठेवावे. अडलेल्या हाताला त्याचाही थोडा आधार होतो.